बैल दारातच उभा, अन् बोजारा वाढून राहिला

मागच्या आठवड्यात शेजारची सातवीतली मुलगी संगणकाची वही घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. माउसची व्याख्या, कळांचे प्रकार, सीपीयूचा फुल फॉर्म, संगणकाच्या पिढ्या, सगळं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. मी विचारलं, "या वर्षी लॅबमध्ये कितीदा गेल्या?" ती म्हणाली, "दोनदा. मॅडमनी करून दाखवलं, आम्ही मागे उभ्या होतो."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही.

नागपुरात मानेवाड्याकडे मी 17 वर्षं संगणकाचे वर्ग घेते. एमएस-सीआयटीला येणारे कितीतरी जण शाळेत वर्षानुवर्षं 'कॉम्प्युटर' हा विषय शिकून आलेले असतात. तरीही पहिल्या दिवशी कळीवर बोट अधांतरी धरून विचारतात, "मॅडम, हे दाबलं तर बिघडणार तर नाही ना?" बी.कॉम. झालेला पोरगा असो की दोन लेकरांची आई, प्रश्न तोच. माझ्या लेखी शाळेतल्या संगणक शिक्षणाचा खरा निकाल हा आहे. त्यांना व्याख्या येतात, पण चूक करायची भीती वाटते. आणि या विषयाचा तर पायाच चुकीवर उभा आहे! करून बघायचं, फसायचं, कुठं फसलं ते शोधायचं, पुन्हा करायचं. शाळेतल्या बाकी विषयांत चुकलं की लाल रेघ येते आणि पान उलटतं. इथं मात्र चूक सापडेपर्यंत पान उलटता येत नाही.

दोन वर्षांपासून मी शनिवारी सकाळी एका शाळेत फुकट शिकवते. लॅबमध्ये 12 संगणक, त्यातले 7 चालतात. वर्गात 38 पोरं. कुलर खिडकीतून गरम हवा फेकत असतो आणि लाइट गेली की अर्धं काम वाया जातं, म्हणून पहिला धडा 'दर पाच मिनिटांनी सेव्ह करा' हाच. पण त्याच खोलीत मी जे पाहिलं ते सांगायलाच हवं.

सातवीच्या पोरांना स्क्रॅच शिकवत होते. स्क्रॅच म्हणजे एमआयटी मीडिया लॅबनं 2007 मध्ये मुलांसाठी आणलेली, ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायची भाषा. मी म्हटलं, तुमच्या मनानं एक खेळ करा. एका मुलीनं तान्हा पोळा केला. लाकडी बैल घेऊन पोरगी घरोघरी फिरते आणि प्रत्येक दारात 10 रुपये बोजारा मिळतो. बैलाचं चित्र तिनं स्वतः काढलेलं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. खेळ सुरू केला आणि पहिल्याच दारात बोजारा 10, 20, 30 करत 400 च्या वर गेला. ती ओरडली, "मॅडम, बैल एकाच दारात उभा हाये, अन् बोजारा वाढूनच राहिला!"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "तूच बैल हो. दारात उभी राहा. आता काय काय होतं ते मोठ्यानं सांग."

ती खरंच उठली आणि लॅबच्या दारात जाऊन उभी राहिली. "बैल दाराला टेकला का? टेकला. मंग 10 रुपये. पुन्हा विचारलं, टेकला का? हो, टेकलेलाच हाये. मंग पुन्हा 10..." एवढं बोलून ती थांबली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तपासणी 'कायम' फिरणाऱ्या ठोकळ्यात होती, त्यामुळे संगणक सेकंदाला कित्येकदा तोच प्रश्न विचारत होता आणि दर वेळी उत्तर 'हो' येत होतं. तिनं दोन मिनिटांत उपाय काढला. एकदा पैसे दिले की बैल दारापासून दूर होईस्तोवर थांबायचं, तेव्हाच पुढची तपासणी. शेजारच्या पोरानं दुसरा उपाय सांगितला, बोजारा मिळाला की दारच गायब करायचं. कोणाचा उपाय बरा यावर दोघं तास संपेपर्यंत भांडले. मला तर ते भांडण संपूच नये असं वाटत होतं.

आता सांगा, माउसची व्याख्या दहा वेळा लिहून हे आलं असतं का?

पालक मला विचारतात, कोणत्या वर्गापासून सुरू करायचं? सात-आठ वर्षांच्या लेकरासाठी कोडिंग क्लासवाल्यांचे फोन येतात, हप्ते पाडून देतात, 'तुमचं मूल मागे पडेल' म्हणतात. घाबरून जाऊन कर्ज काढू नका, मी हात जोडून सांगते. पहिली ते चौथी यंत्राची गरजच नाही.

चौथीच्या पोरांना मी ठिपक्यांची रांगोळी देते. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात रांगोळीचा कागद, दुसऱ्याच्या हातात खडू, जमिनीवर पाच बाय पाच ठिपके. पहिला सांगेल तसंच दुसऱ्यानं काढायचं, मागं वळून बघायचं नाही. पहिला म्हणतो, "वरच्या ठिपक्यापासून खाली रेघ ओढ." वर तर पाच ठिपके आहेत, कोणता? रांगोळी बिघडते, दोघं एकमेकांवर चिडतात. तिसऱ्या खेपेला त्यांना आपणहूनच सुचतं की ठिपक्यांना नंबर द्यावेत, आडवी ओळ दुसरी, उभी ओळ चौथी. त्याच्या पुढच्या खेपेला कोणीतरी म्हणतं, "जे आत्ता काढलं तेच अजून तीनदा काढ, फक्त दर वेळी वळ." आलेखाचे निर्देशक आले आणि लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणं, तोही आला. 1967 मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. तिच्यातलं कासव चौकोन काढतं तो असाच: पुढे 100, उजवीकडे 90 अंश, हे चार वेळा. आपल्या आज्या अंगणात रोज सकाळी हेच काढत आल्या आहेत. शाळेनं फक्त त्याला नाव द्यायचं आहे.

पाचवी ते आठवी ही हातानं करून बघायची वर्षं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावीपासून म्हटलेलं आहे, ते वय बरोबर आहे. पण त्याच्या सोबतीनं टायपिंग हवं, आणि मराठी टायपिंग हवंच हवं. आपली पोरं मराठी रोमन अक्षरांत लिहायला लागली, कारण त्यांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगची कळांची मांडणी, कोणी दाखवलीच नाही. किती सोपं आहे ते! स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. ज्याला बाराखडी येते त्याला महिनाभरात येतं. सहावीच्या मुलानं स्वतःच्या नावाचा जोडाक्षरासकट पहिला शब्द देवनागरीत उमटवला की तो ज्या नजरेनं पडद्याकडे बघतो ना, ते एकदा येऊन पाहा.

फायली आणि फोल्डरसुद्धा याच वयात. घरी मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या पोराला विचारा, तू डाउनलोड केलेला फोटो कुठं आहे? माहीत नसतं. बोट फिरवता येणं आणि काम करता येणं यात खूप अंतर आहे.

आठवीला स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरचा आकडेमोड करणारा तक्ता. जुलैमध्ये मी पोरांना जुन्या वर्तमानपत्रांतून मे महिन्यातल्या दहा दिवसांचं नागपूरचं तापमान काढून आणायला सांगितलं. सरासरी काढली तर एका गटाची 84 आली. आलेखात एक रेघ थेट आभाळात. "मॅडम, 84 मध्ये तर माणूस शिजन!" मग शोधाशोध. 44.5 लिहिताना टिंब राहून गेलं होतं, 445 झालं होतं. त्या दिवशी पोरांना कळलं की यंत्रानं सांगितलेला आकडा आधी आपल्या अकलेला पटायला हवा. हा धडा मी भाषणानं कधीच शिकवू शकले नसते.

आणि इथंच मला नववी-दहावीचं महत्त्व वाटतं. पायथनसारखी प्रोग्रामिंगची भाषा शिकवा, जरूर शिकवा. पण त्या वयात हातात यूपीआय येतं, अनोळखी माणसांचे मेसेज येतात, चॅटबॉट येतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही एक ओळ पोरांनी घरी जाऊन आजीला समजावली तरी किती घरं वाचतील. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करायचा, हे दहावीच्या प्रत्येक पोराला पाठ हवं. नववीतल्या एका मुलानं आपल्या वस्तीवरचा निबंध चॅटबॉटकडून लिहून आणला. भाषा गुळगुळीत, वस्तीत एक तलावही घातलेला. मी त्याला रागावले नाही. प्रत्येक वाक्यापुढं 'हे मला कसं माहीत' ते लिही म्हटलं. तो आजोबांना, दुकानदाराला, नगरसेवकाच्या ऑफिसला विचारत हिंडला. वस्तीत तलाव नव्हता, कधीच नव्हता. दुसरा निबंध त्यानं स्वतः लिहिला आणि तो कितीतरी चांगला होता.

हे जमत नाही असं मला कोणी सांगू नये. इंग्लंडनं 2014 मध्ये आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) हा जुना विषय काढून पाच वर्षांच्या मुलापासून कम्प्युटिंग आणलं. ते लांबचं राहू द्या. आपल्याच देशात केरळात शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, परवान्याचा खर्च नाही, आणि दहावीला आयटीची परीक्षा पोरं प्रत्यक्ष संगणकावर बसून देतात. आपल्याकडे पेपर वहीसारखा कागदावर असतो, म्हणून शिकवणंही वहीतलंच होतं. परीक्षा बदला, लॅबचं कुलूप आपोआप उघडेल. शिक्षकांना दोष देऊन काही होणार नाही. ज्या सरांना गणिताचे सात तास घेऊन वर संगणकाचे तास दिले आहेत, त्यांना आधी स्वतः निर्धास्त बसून चुका करायला वेळ द्या.

मशीन कमी आहेत हे खरं, पण त्यातून मार्ग निघतो. एका संगणकावर दोघं, एकाच्या हातात कळफलक, दुसऱ्यानं बोलून सांगायचं, दहा मिनिटांनी बदल. एक मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मुलगा-मुलगी जोडी असली की माउस मुलाकडेच राहतो. मी घड्याळ लावते, घंटी वाजली की उठायचंच.

परम 8000 हा महासंगणक 1991 मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअर झाले ते इथं नागपुरात, आज ज्याला आपण व्हीएनआयटी म्हणतो तिथं. विदर्भातल्या पोरांना 'हे तुमच्यासाठी नाही' असं म्हणणाऱ्याला मी हे सांगते.

शेजारच्या मुलीला चाचणीत 20 पैकी 19 मिळाले. तिला मी माझ्या शनिवारच्या वर्गात घेऊन जाणार आहे. हुडकेश्वर, नरसाळा, मानेवाडा भागातल्या कुठल्या शाळेत लॅब बंद पडून असेल तर मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी मेसेज करा. रविवारची सकाळही माझी मोकळी आहे. संगणक जुने असले तरी चालतील, दुरुस्ती मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी करू. किल्ली कोणाकडे आहे तेवढं आधी विचारून ठेवा.