‘फ्रेम भिंतीवर, पाकीट टेबलाखाली’ : सिन्नरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

मी सरकारी नोकरीत असताना आमच्या ऑफिसातल्या लोकांनी एकत्र बसून, कसं वागायचं याची स्वतःसाठी पाच वाक्यं कशी लिहून काढली, ते मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. इतरांनी ती वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता, “मॅडम, फ्रेम भिंतीवर आणि पाकीट टेबलाखाली, हे आम्ही रोज बघतो. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी सात चकरा मारल्या. सामायिक मूल्यं वगैरे पेन्शन सुरू झाल्यावर सुचतं. सगळं ऑनलाइन करा, चार जणांना घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ होतील.”

पेन्शनचा टोला बसला. खरा आहे म्हणून बसला.

मूल्यं लिहिलेल्या फ्रेमच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची. अशी फ्रेम मुंबईहून किंवा साहेबांच्या केबिनमधून येते, शिपाई खिळा ठोकतो आणि तिचा विषय तिथेच संपतो. आता सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘कर्मयोगी’चे ऑनलाइन कोर्स आलेत. व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि टपाल दुसऱ्या खिडकीत, असं माझ्या जुन्या सहकारी हसत सांगतात. मी त्यांना दोष देत नाही; टेबलावर टपालाचा गठ्ठा असला की मीही तेच केलं असतं.

पण धाकाने सगळं होतं, हे मला पटत नाही. धाक काही कमी नाही. 1979 चे वर्तणूक नियम आहेत. बदल्या आणि विलंब यांवरचा 2005 चा कायदा सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. लोकसेवा हक्क कायदा 2015 सालचा, त्यात सेवा वेळेत न देणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. मग तुमच्या सात चकरा कशा झाल्या? सांगते, कारण ही कला मला येते. सहाव्या दिवशी फाइलवर ‘कृपया चर्चा करावी’ असं लिहून ती पुढे सरकवायची. चर्चा होत नाही, फाइल खाली येते आणि सात दिवस नव्याने सुरू होतात. कुणाकडेच ती आठ दिवस राहिली नाही, पण ऑफिसात मात्र तिने चार महिने काढले. कायदा एका टेबलाला पकडू शकतो. उशीर असतो दोन टेबलांच्या मध्ये, आणि तिथे कुणाचीच सही नसते.

ऑनलाइनचंही तसंच. सेवेची मुदत मोजायची ती ‘सर्व बाबतींत पूर्ण’ असा अर्ज मिळाल्यापासून. म्हणून अर्ज पूर्ण होऊच द्यायचा नाही. आज एक त्रुटी काढायची, ती भरून आली की दुसरी. कॉम्प्युटरवर सगळं वेळेत दिसतं आणि माणूस सेतू केंद्राच्या दाराशी उभा असतो.

आमच्या पाचांतलं पहिलं वाक्य यातूनच आलं : ‘त्रुटी एकदाच, सगळ्या एकदम, लेखी.’ ते सुचलं आमच्या शिपायाला. सुरगाण्याकडचा एक म्हातारा पहिल्या एसटीने निघून तिसऱ्यांदा आला होता आणि मी त्याला तिसरा नवा कागद सांगितला. तो गेल्यावर शिपाई म्हणाला, “मॅडम, याला पहिल्याच दिवशी सगळं का नाही सांगितलं? आज परत त्याची मजुरी बुडाली.” मला राग आला. हा कोण मला सांगणार? दारात तोच बसायचा, परत जाणाऱ्यांची तोंडं त्यालाच दिसायची, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

दुसरं वाक्य होतं, रजेवर जाताना कपाटाची किल्ली शेजारच्याकडे द्यायची. हसू नका. ‘संबंधित रजेवर आहेत’ यापायी जिल्ह्यात रोज किती माणसं परत फिरत असतील, विचार करा. तिसरं, ‘हे माझ्याकडे नाही’ म्हणून थांबायचं नाही, माणसाला त्या टेबलापर्यंत नेऊन सोडायचं. उरलेली दोन आमच्या घरगुती भांडणांची होती, ती सोडा.

‘सचोटी’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला. शिपायाने अव्वल कारकुनाला ‘तुमची सचोटी कमी पडतेय’ असं म्हणण्याची सोय कुठल्याच ऑफिसात नाही. ‘मॅडम, किल्ली?’ एवढं म्हणता येतं. मूल्य सामायिक झालं का, याची माझ्यापुरती खूण एवढीच : खालच्याने वरच्याला त्याची आठवण करून दिली तर वरचा चिडतो का?

तिसऱ्या वाक्याचं मूळ नाशिकच्या 2015 च्या कुंभात आहे. 13 सप्टेंबरच्या शाही स्नानाला माझी ड्युटी रामकुंडापासून थोड्या अंतरावर होती. पोलीस, महापालिका, महसूल, आरोग्य, सगळ्यांची माणसं एका मांडवात. हरवलेली आजी आली की ती कुणाच्या खात्याची, असं कुणी विचारलं नाही. जो रिकामा तो उठायचा. मेळा संपला, आम्ही आपापल्या ऑफिसात परतलो आणि आठवड्याभरात पुन्हा ‘आवक-जावकला विचारा’ सुरू. माणसं तीच, पगार तोच. मांडवात सगळ्यांना एकच गोष्ट समोर दिसत होती आणि टेबलावर प्रत्येकाला फक्त आपली नोंदवही. आता 2027 च्या कुंभाची तयारी चालू आहे, बैठकांवर बैठका होतील. त्यात खालच्या माणसांच्याही एक-दोन असाव्यात असं मला वाटतं.

आता पाकिटाचं. ते मागच्या लेखात मी टाळलं होतं आणि तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलं.

ती पाच वाक्यं ज्यांनी लिहिली, त्यांतलाच एक जण पुढे लाचेच्या ट्रॅपमध्ये सापडला. त्रुटी एकदाच काढणारा, किल्ली न विसरता देणारा माणूस. आम्हाला धक्का बसला, असं मी तेव्हा घरी सांगितलं. ते खोटं होतं. मला वर्षभर अंदाज होता. त्याच्याकडे येणारी माणसं आधी समोरच्या टपरीवर चहा प्यायची, आणि चहा कोण पाजतो हे मला खिडकीतून दिसायचं. मी त्याला एकदाही विचारलं नाही. त्याच्या मुलीची बारावी होती, आम्ही डबा एकत्र खायचो, शिवाय ‘आपल्याला काय करायचंय’ हे आमच्या ऑफिसातलं सहावं वाक्य होतं. न लिहिता सगळ्यांना पाठ असलेलं. सामायिक म्हणायचं तर तेच सगळ्यात सामायिक. पहिल्या पाचांनी चकरा कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सहाव्याला मात्र ती पुरली नाहीत.

लाच न घेता पगारातच भागवा, असं आपल्याच लोकांना सांगणारं राजपत्रित अधिकारी महासंघाचं ‘पगारात भागवा’ अभियान तुम्हाला आठवत असेल. लोकांनी त्याची टिंगल केली, मीही केली. आज वाटतं, निदान त्यांनी तो विषय आपल्याच माणसांसमोर काढला तरी. आम्ही डब्याच्या वेळी तेवढंही काढू शकलो नाही.

चार जणांना घरी बसवण्याला माझी हरकत नाही. फक्त निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो आणि त्याचं टेबल अतिरिक्त कार्यभार म्हणून शेजारच्याकडे जातं, एवढं धरून चाला. तो शेजारचा कसा आहे, यावर तुमची आठवी चकर ठरणार.

ती वाचवायला दोन गोष्टी करा. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून टाका आणि पोच जपून ठेवा. फेरफाराच्या, म्हणजे नोंद बदलाच्या, नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, ते कुणालाच कमी करता येत नाहीत, त्यामुळे तेवढे धरूनच चला. कुणी तोंडी त्रुटी सांगितली तर ‘लेखी द्या’ एवढंच म्हणा, आवाज न चढवता. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन. आणि लेखी त्रुटी हातात आली की इथेच खाली टाका, नाव-गाव झाकून. त्यातल्या किती खऱ्या आणि किती वेळकाढू, ते मी सांगते. ती अक्षरं मी 31 वर्षं वाचली आहेत, काही लिहिलीही आहेत.