मेल्कच्या नाण्याबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की, नाण्याची कड काळी-पिवळी पडलेली होती, चांदी ‘नुसती 925’ म्हणजे भेसळीची निघाली, आणि ‘बरोक चर्चकला’ (बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपची भपकेदार शैली) म्हणून घेतलेल्या नाण्यावर एक इमारत सोडून काहीच नाही.

कडेबद्दलची चूक माझी आहे. यादीत लावलेला फोटो याच नाण्याच्या दुसऱ्या, लखलखीत नगाचा होता. तुमच्या नगाच्या कडेला टोनिंग, म्हणजे चांदीवर आपोआप चढणारी काळपट-पिवळी छटा, आलेलं मी पाहिलं होतं, तरी सांगितलं नाही. जुने संग्राहक याला हरकत घेत नाहीत, म्हणून सगळ्यांना चालेल असं धरून चाललो. पहिल्यांदा नाणं घेणाऱ्याला तो डागच वाटणार. माफ करा. आता प्रत्येक नगाचा स्वतंत्र फोटो लावतो आहे.

भेसळीचा आरोप मात्र मला मान्य नाही. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीनं 2007 मध्ये काढलेलं हे 10 युरोचं नाणं मुळातच 925 चांदीचं, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदीचं आहे. एकूण वजन 17.3 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 16 ग्रॅम, बाकी तांबं. तुमच्या सराफांच्या काट्यावर 17.3 भरलं, ते बरोबरच आहे. निव्वळ चांदी मऊ असते; थोडं तांबं घातलं की ती कणखर होते.

आता इमारतीबद्दल, कारण तुमचं ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ऑस्ट्रियातल्या मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ, म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचा मठ, डॅन्यूब नदीकाठच्या कातळावर उभा आहे. वास्तुकार याकोब प्रांटाउअरनं 1702 मध्ये त्याची नवी बांधणी सुरू केली, 1726 मध्ये तो वारला, आणि काम 1736 मध्ये पुरं झालं. खालून वर बघणाऱ्याची मान आपोआप उंचावेल, अशी त्याची रचना आहे. नाणं घडवणाऱ्यानं नेमका तोच कोन घेतला आहे: दोन्ही बाजूंच्या इमारती पुढे आलेल्या, मधे जोडमनोरे आणि त्यांच्यामागे घुमट. रात्री दिवा एका बाजूला ठेवून भिंग लावून पाहा. 32 मिलिमीटरच्या चकतीवर एवढी खोली आणणं सोपं नाही. मठाच्या चर्चमधली चित्रकार रोटमायरची छतचित्रं आणि ग्रंथालयातलं चित्रकार ट्रोगरचं काम नाण्यावर नाही, हे खरं. त्यामुळे ‘चर्चकला’ हा शब्द यादीतून काढून ‘मेल्क मठ, दर्शनी बाजू’ असं केलं आहे.

जुन्या गोव्यातल्या बों जेझुस चर्चची वेदी याहून कितीतरी सुंदर आहे, असंही तुम्ही म्हणता. त्यावर मी वाद घालणार नाही, ती वेदी मलाही फार प्रिय आहे. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे, सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. ती ज्या चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सच्या शिल्पकार फोज्जिनीचा. गोव्याची चांदी आणि इटलीचं बरोक शिल्प तिथे एकावर एक उभं आहे. पुढच्या खेपेला वेदीसमोरून निघालात की तिकडेही थोडा वेळ थांबा.

आणि एक कळकळीची विनंती. डाग जाईना म्हणून नाणं टूथपेस्टनं घासल्याचं तुम्ही लिहिलंत. कृपा करून आता पुन्हा घासू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर जो पातळ थर येतो, तेच टोनिंग. धातू त्यानं सडत नाही. टूथपेस्टचे ओरखडे मात्र कायमचे राहतात, आणि संग्राहक किंमत पाडतात ती ओरखड्यांमुळे.

तरीही नाणं परत करायचं असेल तर जरूर पाठवा. घासलेलं असलं तरी पैसे पूर्ण मिळतील, कुरिअरचा खर्चही आमचा. फक्त पाकिटाला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकानं ते वाटेत आणखी काळवंडेल.