नमुना उचलताना तोंड उघडा!

समुद्रतळावर आरओव्हीची, म्हणजे जहाजावरून केबलने चालवायच्या बिनमाणशी यंत्राची, आठ तासांची डाइव्ह. पाच-पाच मिनिटांच्या शहाण्णव क्लिपा. आणि नोंदवहीत काय? ‘कोअर ३, १४:२०’, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला तिसरा नमुना. संपलं! अहो, कुणाच्या घड्याळातले १४:२०? व्हिडिओवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वहीत भारतीय वेळ, आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाला तर कुणी हातच लावलेला नसतो. पहाटे ४:१० ला उचललेला नमुना यूटीसीत आदल्या रात्रीच्या २२:४० चा होतो, म्हणजे तारीखसुद्धा बदलली. आता क्लिपा पाहून नमुन्यांची यादी करणारे आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारातल्या खोलीत, बसतो शोधत. जवळचं पाणी म्हणजे सुरसागर, आणि हुडकायचाय महासागराच्या तळावरचा एक क्षण.

बरं, सुरुवातीची वेळ जुळली तरी भागत नाही. कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेम देतो. क्लिपा एकापुढे एक लावून सॉफ्टवेअरला ३० सांगितलं, की तासाला ३.६ सेकंद सरकतात. आठ तासांत जवळजवळ २९. तेवढ्या वेळात अर्ध्या नॉटने जाणारा आरओव्ही सात मीटर पुढे गेलेला असतो. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, जिथे भारताकडे पॉलिमेटॅलिक नोड्यूलच्या, म्हणजे अनेक धातू असलेल्या गोळ्यांच्या, शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, तिथला तळ पाहिलाय कधी? पाच हजार मीटरांवर चिखलात बटाटे पसरावेत तसे काळे नोड्यूल. सात मीटर चुकलं की उचललेला कुठला आणि शेजारचा कुठला, सांगायला एकही खूण नाही.

आणि तो आवाज! हार्डडिस्कवर जागा वाचवायची म्हणून क्लिपांतला आवाज काढून टाकतात. पायलट ‘चार नंबरची बरणी’ म्हणालेला असतो, तो कधीकधी एकमेव पुरावा असतो. व्हिडिओच्या मानाने आवाजाला जागा लागते ती चिमूटभर. चित्र मात्र इतकं दाबून पाठवतात की पाण्यातून पडणारे कण सगळा बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, खाऊन टाकतात आणि नेमकी प्राण्याची कड पुसट होते. वर कॉपी करताना फाइलची तारीख बदललेली, ती वेगळीच.

नमुना घेताना काय करायचं ते काही अवघड नाही हो. यांत्रिक हात पुढे नेण्याआधी दहा सेकंद स्थिर थांबा. मापासाठीचे, एकमेकांपासून दहा सेंटिमीटर अंतरावरचे दोन लेझर ठिपके त्या प्राण्यावरच पाडा. मागच्या दगडावर पडले तर माप चुकतं, कारण दगड लांब असतो. कोअरच्या मुठीवरचा नंबर कॅमेऱ्याकडे फिरवा. मग तीन क्षणांची वेळ नोंदवा: हात टेकला, तळ सुटला, डब्यात गेला. वहीत बहुधा तिसरीच असते, कारण लिहिणाऱ्याला तेव्हाच उसंत मिळते. पण प्राणी कुठे आणि कशावर बसला होता, ते पहिल्या वेळेलाच दिसतं! शोषनळीने ओढताना बरणी फिरवली की तोंडाने सांगा. एका बरणीत दोन प्राणी गेले आणि कुणी बोललं नाही, तर कुठला कधी आला हे क्लिपेवरून लावायला अख्खा दिवस जातो. खोली आणि दिशेचे आकडे स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात छापता, जिथे हात काम करतो. का? दुसरे तीन कोपरे रिकामे आहेत ना?

जागा म्हणून जहाजाचा जीपीएस लिहू नका. आरओव्ही केबलच्या टोकाला शेकडो मीटर बाजूला असतो.

नावांचं तर विचारूच नका. एकाच प्राण्याला ‘सी कुकंबर’, ‘समुद्रकाकडी’, ‘होलोथुरिअन’, कुणी नुसतंच ‘काकडी’. पुढे शोधणाऱ्याला चौथा हिस्साच सापडणार. ‘वर्म्स’ (WoRMS) या सागरी प्रजातींच्या जागतिक यादीत प्रत्येक नावाला ठरलेला नंबर असतो, तो टाका. आणि चित्रावरून प्रजात ठोकून देऊ नका. कुळापर्यंतच खात्री असेल तर कुळच लिहा, नमुना प्रयोगशाळेत उघडल्यावर बाकीचं कळेल.

निदान एवढं तरी करा: आरओव्ही पाण्यात सोडण्याआधी त्याच्या कॅमेऱ्यासमोर जीपीएसवर लावलेलं यूटीसी घड्याळ धरा, आणि डेकवर परत आला की पुन्हा धरा. कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसभरात किती सरकलं ते दोन्ही चित्रांवरून लगेच कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम. तेही होत नाही, आणि मग आम्हालाच फोन येतात: नमुन्यांची यादी कधी देताय?