‘बुटीक बेसला हात लावू नका’: या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासू

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये, बुटीक म्हणजे कारागिराने घडवलेल्या बेसबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: “बुटीक बेस कारागीर पूर्ण सेट करूनच देतो, त्याला ॲलन की (षट्कोनी किल्ली) लावायची नाही. नेकमध्ये कार्बन रॉड असतात, त्यामुळे नेक हलत नाही. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर वाटलीच तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा आवळा, काम होतं. बारावा फ्रेट सुरात नसेल तर तारा बदला. बी तार (पाच तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड) हवी तर तारेची वाजणारी लांबी ३५ इंचच घ्या. अशा बेसला डेड स्पॉट (स्वर लवकर विझणारी जागा) नसतो. पिकअप तारांच्या जवळ घ्या म्हणजे आवाज भरीव होतो, आणि प्रीअँपला (बेसमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला) १८ व्होल्ट दिले की आवाज दुप्पट.”

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही. महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेला बेस त्यामुळे लोक बोटं दुखेपर्यंत तसाच वाजवत राहतात, किंवा चुकीचा स्क्रू फिरवून बसतात.

“कारागीर पूर्ण सेट करूनच देतो”

देतो, यात शंका नाही. पण तो सेटअप एका ठरावीक तारांच्या संचासाठी, एका ट्यूनिंगसाठी, त्याच्या कार्यशाळेतल्या आर्द्रतेसाठी आणि त्याने गृहीत धरलेल्या हातासाठी असतो. यातली एक गोष्ट बदलली की बाकीची मापं सरकतात.

तारांचंच बघा. ४५–१०५ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) संचात चार तारांचा मिळून ताण साधारण ७५ ते ८५ किलो असतो आणि ट्रस रॉड तो तोलून धरतो. एकाच स्वराला तारेचा ताण तिच्या वजनावर ठरतो आणि वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ‘जी’ (G) तार ४५ ऐवजी ४० घातली तर त्या तारेचा ताण जवळपास पाचव्या भागाने उतरतो, आणि ई तार १०५ वरून १०० केली तर नऊ-दहा टक्क्यांनी. रॉड मात्र पूर्वीइतकाच आवळलेला असतो. नेक मागे झुकते, रिलीफ (नेकचा पुढच्या बाजूचा किंचित बाक) कमी होतो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. वाजवणाऱ्याला वाटतं फ्रेट खराब आहेत. संगणकावर चालणाऱ्या प्लेक यंत्रावर फ्रेट घासलेल्या बेसचंही हेच होतं: ती मोजणी त्या दिवशीच्या तारांवर आणि रिलीफवर झालेली असते.

उलट दिशेनेही अडचण येते. १२५ च्या बी तारेसाठी कापलेल्या नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत १३५ ची तार घातली तर ती तळाला टेकत नाही, खाचेच्या कडांवर अडून बसते. खुली तार मग वर राहते, पहिले फ्रेट चढे वाजतात आणि ट्यूनिंग करताना तार कुरकुरत उड्या मारते. अशी खाच तारेच्या जाडीच्या नट फाइलने, हेडस्टॉककडे किंचित उतार ठेवून रुंद करायची. खोली वाढवायची नाही.

तारा चढवतानाही कसर राहते. बेसची तार कापण्याआधी ट्यूनरच्या खुंटीपुढे १०–१२ सेंटिमीटर जागा सोडून ती काटकोनात वाकवायची आणि मग वाकाच्या पुढे कापायची. न वाकवता कापली तर बाहेरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल सुटतं आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाटते. खुंटीवर दोन-तीन वेढे, प्रत्येक आधीच्याच्या खाली. ३५ इंची बेसवर लाँग स्केलची तार घातली तर तिचा निमुळता किंवा रेशीम गुंडाळलेला भाग नटवर येऊ शकतो, म्हणून तिथे एक्स्ट्रा लाँगच घ्यायची.

“कार्बन रॉड असल्यामुळे नेक हलत नाही”

कमी हलते. लाकडी नेकमध्ये बसवलेल्या दोन कार्बन पट्ट्या ताठपणा वाढवतात, पण भोवतीचं लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, ते थांबत नाही. पाच लाकडांच्या पट्ट्या जोडलेल्या नेकमध्ये फिंगरबोर्ड आणि मागचा भाग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतो, म्हणून ओलसर हवेत नेक कुठल्या दिशेला जाईल हे त्या-त्या बेसवर अवलंबून असतं. ४० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता लाकडाला मानवते. फार कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला लागतात. हा कारागिराचा दोष समजून लगेच कानशीने टोकं घासू नका. आर्द्रता पूर्ववत झाली की बरीचशी टोकं पुन्हा आत जातात. संपूर्ण कार्बनची नेक हा वेगळा प्रकार आहे, तिच्यावर हवामानाचा परिणाम नगण्य असतो. तरी तारांची जाडी बदलली की तिचाही रिलीफ बदलतो.

“ॲक्शन वर असेल तर ट्रस रॉड आवळा”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ट्रस रॉड नेकचा बाक ठरवतो. तारेची उंची सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू), नट आणि नेकचा कोन ठरवतात. रॉड आवळल्यावर ॲक्शन थोडी उतरते खरी, पण ती मधल्या फ्रेटांवर. बॉडीवर टेकलेल्या शेवटच्या फ्रेटांवर रॉडचा प्रभाव जवळजवळ नसतो. सोळाव्या फ्रेटवरची उंची कमी करण्यासाठी रॉड आवळत गेलात तर वरची उंची तशीच राहील आणि खालचे फ्रेट मात्र खरखरतील.

योग्य क्रम असा. नव्या तारा लावा, ताणा, ज्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार त्यातच लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर फीलर गेजने मोजा. बेस वाजवताना धरता तसाच धरून मोजायचा, टेबलावर आडवा ठेवून नाही, कारण हेडस्टॉकचं वजन आणि टेकू आकडा बदलतात. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर ही बहुतेकांना चालणारी मर्यादा. हलक्या बोटाने वाजवणारा ०.२ वरही खुश राहतो, जोरात पिक मारणाऱ्याला ०.४ लागू शकतो.

रिलीफ जास्त असेल तर रॉडच्या नटसमोर पाहून घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी आठवा भाग, फार तर पाव फेरा. दर वेळी पुन्हा सुरात लावूनच मोजा, कारण रॉड आवळला की तारा चढतात. मग काही तास थांबा, काही नेक दुसऱ्या दिवशीपर्यंत सरकत राहतात. ॲलन की पूर्ण आत बसल्याशिवाय फिरवू नका. इंची रॉडला जवळपासची मिलिमीटर की ‘बसते’ असं वाटतं आणि षट्कोनाचे कोपरे गोल होतात. दोन्ही दिशांना नेक वाकवणाऱ्या डबल-ॲक्शन रॉडमध्ये मधे एक सैल टप्पा येतो, तिथे की मोकळी फिरते. रॉड तुटला असा अर्थ काढू नका. पण अर्धा फेरा देऊनही नेक हलली नाही आणि की जड होत गेली तर तिथेच थांबा.

रिलीफ जमल्यानंतरच सॅडल. सतराव्या फ्रेटवर बी किंवा ई तारेखाली २.० ते २.४ मिलिमीटर आणि जीखाली १.६ ते २.० हा चांगला आरंभबिंदू. मधल्या तारांची उंची फिंगरबोर्डच्या गोलाईनुसार ठेवा, त्यासाठी रेडियस गेज वापरा. बोटाच्या जाणिवेवर सोडलं तर ए आणि डी हमखास चुकतात. सॅडल तळाला टेकली तरी ॲक्शन वर असेल तर बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बसवलेल्या) बेसमध्ये नेक पॉकेटच्या, म्हणजे नेक बसते त्या खाचेच्या, ब्रिजकडच्या टोकाला शिम (पातळ पट्टी) द्यावी लागते. ७५ मिलिमीटर लांब पॉकेटमध्ये ०.२५ मिलिमीटरची शिम ब्रिजपाशी साधारण १ मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पाडते, यावरून जाडी काढता येते. पॉकेटभर पसरणारी, पाचरीसारखी तासलेली लाकडी शिम सगळ्यात चांगली. नेक-थ्रूमध्ये, म्हणजे नेक बॉडीतून अखंड जाते तिथे, हा मार्ग नाही. तिथे ब्रिज खाली बसवावा लागतो, आणि ते काम ज्याने बेस घडवला त्याच्याकडेच न्यावं.

खरखर कुठे येते ते आधी ऐका. फक्त खुल्या तारेवर असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या पाचांत असेल तर रिलीफ कमी. बाराव्याच्या पुढे सगळीकडे असेल तर सॅडल खाली आहे, नाहीतर नेकचं टोक वर उठलंय. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच किंवा सुटलेला आहे, आणि तो तीन फ्रेटांवर टेकणारी छोटी पट्टी डुलवून सापडतो. या चार दुखण्यांवर ट्रस रॉड फक्त एकाचं औषध आहे.

“बारावा सुरात नसेल तर तारा बदला”

जुनी तार खरंच सुरात येत नाही, इतपत बरोबर. पण नवी तारही सॅडल न हलवता सुरात येईलच असं नाही. बारावा दाबून येणारा स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून येणाऱ्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. आधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. त्याआधी एक काम बहुतेक जण विसरतात: सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्याने तार हलकेच दाबून तिथला बाक तीक्ष्ण करायचा. बीसारखी जाड तार सॅडलवरून गोलाईने उतरते, त्यामुळे स्वर अनिश्चित राहतो. नुसत्या या दाबाने कित्येक ‘खराब’ तारा सुधारतात.

बीची सॅडल सगळ्यात मागे जाते. स्प्रिंग पूर्ण दबून जागा संपली तर स्प्रिंग कापा किंवा काढा. आणि बारावा अचूक असूनही पहिले तीन फ्रेट चढे वाजत असतील तर सॅडलला हात लावू नका, नट उंच आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागदाच्या जाडीइतकी, ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट दिसायला हवी.

“बी तारेसाठी ३५ इंचच हवेत”

३४ इंच हे माप १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसने रूढ केलं, तेव्हा बी तार नव्हतीच. तीच तार त्याच स्वराला ३५ इंचावर नेली तर ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे सहा टक्के. तेवढाच फरक १३० ऐवजी १३५ ची तार घातल्यावर पडतो, उलट थोडा जास्तच. बीला ३७ इंचांपर्यंत नेणारे डिंगवॉलचे तिरक्या फ्रेटचे बेस ऐकले की लांबीचा फायदा कळतो, कारण तिथे वाढ अठरा टक्क्यांची असते. एका इंचासाठी मात्र डाव्या हाताला न झेपणारा बेस घेऊ नये. बी धूसर असेल तर आधी नटची खाच, तारेची बांधणी आणि पिकअपची उंची तपासा.

“अशा बेसला डेड स्पॉट नसतो”

डेड स्पॉट हा नेकच्या स्वतःच्या कंपनाचा परिणाम आहे. तारेचा स्वर नेकच्या एखाद्या अनुनादाशी जुळला की नेक ऊर्जा खेचून घेते आणि स्वर लवकर विझतो. बहुधा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे १३० ते १४७ हर्ट्झच्या पट्ट्यात. किंमत कितीही असो, लाकडी नेकला अनुनाद असणारच. कारागीर नेक ताठ करून आणि ट्यूनर हलके निवडून तो कमी त्रासदायक जागी सरकवतो. तोच स्वर डी तारेवर पाच फ्रेट वर वाजवून पाहा. तिथे तो टिकत असेल आणि जी तारेवरचे बाकीचे स्वरही टिकत असतील तर दोष तारेचा नाही. हेडस्टॉकवर वजन चिमटवलं तर अनुनाद खाली उतरतो आणि जागा बदलते. फ्रेट घासून किंवा ब्रिज बदलून हे जात नाही, त्यावर खर्च करू नका.

“पिकअप जवळ, आवाज भरीव, १८ व्होल्ट, आवाज दुप्पट”

हे दोन दावे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्र घेऊ. पिकअप जवळ नेलं की सिग्नल वाढतो, पण लोहचुंबक तारेलाही ओढतो. वरच्या फ्रेटांवर स्वर डगमगतो आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सूर) जमेनासं होतं. सिंगल कॉइल पिकअपमध्ये हा त्रास जास्त, रुंद सोपबार पिकअपमध्ये कमी. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालून पिकअपपर्यंत ई बाजूला ३ आणि जी बाजूला २.५ मिलिमीटरपासून सुरुवात करा. ब्रिजजवळ तारेचा झोका लहान असतो, म्हणून तिथलं पिकअप थोडं वर ठेवून दोन्हींची पातळी कानाने जुळवा.

फार जवळच्या पिकअपमुळे स्लॅपच्या (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याच्या) फटक्यात प्रीअँपचं छत, म्हणजे सिग्नलची कमाल मर्यादा, गाठलं जातं आणि आवाज चिरतो. १८ व्होल्टचा खरा उपयोग इथे आहे: ते छत सुमारे ६ डेसिबलने वर जातं. प्रीअँप सिग्नल किती पटीने वाढवतो हे आतल्या रेझिस्टरांवर ठरतं, बॅटरीवर नाही, म्हणून साधं वाजवताना आवाजात काहीच फरक ऐकू येणार नाही. काही कमी वीज खाणाऱ्या ऑप-अँपना (प्रीअँपमधल्या चिपना) १६ व्होल्टच्या वर चालवण्याची परवानगीच नसते. प्रीअँपच्या माहितीपत्रकात कमाल व्होल्टेज पाहिल्याशिवाय दुसरी बॅटरी जोडू नका.

जोडायची तर एकीची लाल वायर दुसरीच्या काळीला. मग मल्टीमीटर मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या एका वायरमध्ये मालिकेत लावा. प्लग आत असताना सामान्यतः थोडेच मिलिअँपिअर दिसतात, प्लग काढल्यावर शून्य यायला हवं. शून्य येत नसेल तर बॅटरीची ऋण वायर स्टिरिओ जॅकच्या रिंगऐवजी थेट ग्राउंडला लागली आहे. ती आधी रिंगवर घ्या, नाहीतर बेस खोक्यात पडून असतानाच दोन्ही बॅटऱ्या संपतील.