छंद म्हणा, धंदा म्हणू नका

नाणी विकून चार पैसे सुटू लागले असतील तर आधी अभिनंदन, आणि लगेच एक सूचना: याला धंदा म्हणू नका, छंद म्हणा. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन तांब्याच्या तुकड्यांचा ढीग उचलायचा, दुपारी भिंग लावून शिवराई ही मराठेशाहीतली तांब्याची नाणी वेगळी काढायची, (चिंचेने घासू नका हो, अर्धी किंमत तिथेच जाते), रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून खाली ‘फिक्स रेट, कुरिअर वेगळं’ लिहायचं, महिन्याला साठ पार्सलं धाडायची. छंदच की हा!

प्राप्तिकरवाल्यांचं डोकं मात्र वेगळं चालतं. विकायलाच घेतलं होतं का, वर्षातून किती वेळा घेतलं-विकलं, हे ते विचारत बसतात. उत्तर ‘हो, पुष्कळदा’ असेल तर तो व्यापार, आणि नफा तुमच्या पगारात मिसळून स्लॅबप्रमाणे कर. जपलेला संग्रह एकदाच विकला तर भांडवली नफा. २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ असेल तर २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के.

इथे आजोबा कामाला येतात. वारशाने आलेल्या वस्तूला आजोबांकडची वर्षंही मोजली जातात, आणि वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधीच घरात आली असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा घरातलं प्रत्येक नाणं आजोबांचं. फक्त वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं त्यांच्या खात्यावर टाकू नका. ते २०१२ चं, आणि आजोबा गेले ९४ साली.

‘ही तर लक्ष्मीपूजनाची नाणी, घरगुती वापरातली, यावर कर कसला!’ असं म्हणायचा मोह होईल. धोलपूरच्या महाराजांनाही झाला होता. त्यांची सोन्याची नाणी, चांदीची नाणी आणि चांदीच्या लगडी या वैयक्तिक वापराच्या वस्तू नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली सांगितलं. महाराजांचं चाललं नाही, पण तुम्ही प्रयत्न करा.

तोटा झाला की मात्र लगेच धंदा म्हणायचं. आता तो तोटा पगारातून वजा करू देत नाहीत, हा कायद्याचा कोतेपणा.

जीएसटीची काळजी नको, मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की नोंदणी लागत नाही. व्यापारी म्हणून परराज्यात एक जरी करपात्र पार्सल गेलं तरी ही सवलत संपते, पण आपण कुठे परराज्यात पाठवतो? बेळगावलाच तर पाठवतो. (बेळगाव आपलंच, हा युक्तिवाद जीएसटीत अजून कुणी जिंकलेला माझ्या ऐकिवात नाही.) रोखीत एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त घेतले तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. आणि शंभर वर्षांपुढची शिवराई अमेरिकेतल्या भाच्याला धाडायची नाही. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याला मामा-भाचे कळत नाहीत.

इतकं सांभाळूनही साहेब दारात आलेच, आणि टेबलावरचं छापील पावतीपुस्तक उचलून म्हणाले, “छंद म्हणता, मग हे काय?”, तर गडबडू नका. पावतीपुस्तकंही जमवतो म्हणा.