हॉर्नपाइप फक्त खलाशांचा नव्हे

हॉर्नपाइप या नाचावर आणि त्याच्या चालींवर तुमच्याकडे आलेल्या लेखात 'हॉर्नपाइप म्हणजे खलाशांचा नाच' एवढ्यावरच विषय आटोपलाय, ते पटलं नाही. ती ओळख बरीचशी रंगमंचाने रुजवलेली, आणि नंतरची. त्याआधीचा इंग्लिश हॉर्नपाइप ३/२ तालात, म्हणजे तीन लांब ठोक्यांच्या आवर्तनात, असायचा. संगीतकार हँडेलच्या 'वॉटर म्युझिक'मधला (१७१७) ऐकून बघा, जोर कसा भलत्याच ठिकाणी पडतो! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार ठोक्यांचा प्रकार रुळला आणि जुना मागे पडला.

पण फिडलवाल्यांच्या (व्हायोलिनवर लोकसंगीत वाजवणाऱ्यांच्या) चालींच्या वह्या फॅशनच्या मागे धावत नव्हत्या. विल्यम विकर्सने १७७० मध्ये ईशान्य इंग्लंडात लिहायला घेतलेल्या वहीत पाचशेहून अधिक चाली आहेत, आणि त्यात जुन्या ३/२ चालीही टिकून आहेत. कवी जॉन क्लेअरसुद्धा फिडल वाजवायचा, त्यानेही चाली उतरवून ठेवल्या. लेखात त्याचा उल्लेख नसणं मात्र खटकलं.

अजून एक. हॉर्नपाइपचे स्वर वहीत अनेकदा सारख्या लांबीचे लिहिलेले दिसतात, पण वाजवणारे त्यांना लांब-आखूड असा झोका देतात. त्यामुळे नुसतं नोटेशन वाचून 'साध्या चाली' असा शेरा मारणं घाईचं वाटतं.