बजेट मोठं म्हणजे ताकद मोठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लष्करी ताकद बजेटवरून नव्हे, तर कारखान्यांच्या क्षमतेवरून मोजावी, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा रोख असा आहे की २०२४ मध्ये अमेरिकेने संरक्षणावर ९९७ अब्ज डॉलर खर्च केले आणि चीनने अंदाजे ३१४ अब्ज. एवढी तफावत असताना मी चीनच्या गोद्या आणि पोलाद मोजत बसलो. कारखानेच निर्णायक असते, तर रणगाड्यांचे ढीग लावणारा सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला नसता. शिवाय चीनची जहाजबांधणीची क्षमता अमेरिकेच्या २३२ पट हा आकडा फसवा आहे, आणि असे आकडे देऊन मी शस्त्रस्पर्धेची वकिली करतो आहे, असंही तुम्ही म्हटलंत.

२३२ पटीबद्दल तुमचं बरोबर आहे. तो आकडा अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या एका सादरीकरणातला. चीनच्या गोद्यांची क्षमता सुमारे २ कोटी ३२ लाख टन, अमेरिकेची १ लाख टनांहूनही कमी. पण यात मुख्यतः व्यापारी जहाजं येतात, आणि मालवाहू जहाज बांधता आलं म्हणून अणुपाणबुडी बांधता येत नाही. मी तो आकडा युद्धनौकांच्या तुलनेसारखा वापरला, ती चूक होती. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण पैसा मंजूर झाला की बाकीचं मागोमाग येतं, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. डॉलरमधली तुलना मुळातच थोडी फसवी असते, कारण चीनमध्ये मजुरी आणि बरंचसं उत्पादन स्वस्त पडतं. ते बाजूला ठेवू. तोफगोळ्यांचंच बघा. २०२२ पूर्वी अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे महिन्याला सुमारे १४,००० गोळे तयार होत. युक्रेन युद्धानंतर पैसा मिळाला, २०२५ अखेर महिन्याला १ लाखाचं लक्ष्य ठरलं, पण २०२४ मध्ये मजल ४०,००० पर्यंतच गेली. गोळ्यात भरायचं टीएनटी हे स्फोटक अमेरिकेत १९८६ पासून बनतच नव्हतं. केंटकीत त्याचा नवा कारखाना उभारायचं कंत्राट निघालं तेच २०२४ मध्ये. खांद्यावरून विमानांवर डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांचं उत्पादन वाढवायला सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त अभियंत्यांना परत बोलवावं लागलं, कारण ते कसं जोडायचं हे नव्या माणसांना शिकवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला १० लाख गोळे देऊ म्हटलं होतं, मुदतीत जेमतेम निम्मे गेले. यांपैकी कुठेही घोडं पैशापाशी अडलं नव्हतं.

याची मुळं १९९३ मध्ये आहेत. शीतयुद्ध संपलं होतं. तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी शस्त्रकंपन्यांच्या प्रमुखांना पेंटागॉनमध्ये जेवायला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की खर्च घटणार आहे, तुम्ही सगळे टिकणार नाही. पुढच्या काही वर्षांत ५१ मोठ्या कंपन्यांच्या ५ झाल्या. त्या वेळच्या हिशेबाने ते शहाणपणाचंच वाटलं असेल. पण बंद झालेल्या शेडबरोबर कामगारांच्या हातातलं कसबही गेलं, आणि ते काही बजेटच्या तरतुदीत मागवता येत नाही.

आता सोव्हिएत संघ. तुमचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, पण त्यातून निष्कर्ष मात्र वेगळा निघतो. १९४१ मध्ये जर्मन फौजा येत असताना १,५०० हून जास्त कारखाने उचलून पूर्वेकडे उरल पर्वताकडे आणि त्यापलीकडे हलवले गेले. त्यांनीच देश तगवला. शीतयुद्धात मात्र उत्तम पोलाद, उत्तम अभियंते, सगळं लष्कराकडे ओढलं गेलं आणि नागरी उद्योग खंगत गेला. युद्धात इलेक्ट्रॉनिक्सचे दिवस आले, तेव्हा संगणक बनवणारा सशक्त नागरी उद्योग पाठीशी नव्हता. लष्करप्रमुख मार्शल ओगारकोव यांनी तंत्रज्ञानात मागे पडत असल्याचा इशारा उघडपणे दिला होता. १९८४ मध्ये त्यांना पदावरून हटवलं गेलं. म्हणजे त्या देशात रणगाड्यांचे कारखाने होते, पण त्यांच्याखालची जमीन पोकळ होती.

चीनचं नेमकं उलट आहे, आणि मला म्हणूनच त्या गोद्या महत्त्वाच्या वाटतात. शांघायजवळच्या ज्या जियांगनान गोदीतून २०२२ मध्ये ‘फुजियान’ ही विमानवाहू नौका पाण्यात उतरली, तिथेच परदेशी कंपन्यांची कंटेनर जहाजंही बांधली जातात. शांततेच्या काळात वेल्डरचा पगार गिऱ्हाइकं देतात. अमेरिकेला १९४२ नंतर असाच आधार मोटारउद्योगाने दिला होता. फोर्डने विलो रन इथे ८,६८५ बी-२४ बॉम्बफेकी विमानं बनवली, १९४४ मध्ये जवळजवळ तासाला एक. पण बांधकाम १९४१ च्या वसंतात सुरू झालं होतं. फोर्डसारख्या कंपनीला, युद्ध पेटलेलं असताना, हा वेग गाठायला तीन वर्षं लागली!

राहिला वकिलीचा आरोप. तो मनाला लागला, म्हणून खरं कारण सांगतो. खर्च आजची ताकद दाखवतो, क्षमता उद्याची, आणि महासत्तांमधली युद्धं बऱ्याचदा उद्याच्या भीतीतून पेटली आहेत. १९१४ मध्ये जर्मन सेनानींना धास्ती होती की १९१७ पर्यंत रशियाचा लष्करविस्तार आणि रेल्वे पूर्ण होतील, मग आपलं काही चालणार नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकेने नौदल सुमारे ७० टक्क्यांनी वाढवण्याचा कायदा केला. त्या नौका अजून कागदावरच होत्या, पण टोकियोतल्या नौदल अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला की १९४१ नंतर अमेरिकेच्या तुलनेत आपलं प्रमाण घसरतच जाणार. पुढच्याच वर्षी अमेरिकेने जपानवर तेलबंदी घातली आणि पर्ल हार्बरची वाट पक्की झाली. ही गणितं लोकांना वेळीच दिसावीत, एवढ्यासाठी मी लिहितो. त्या गणितांत माणसं मेली आहेत.

‘मग बजेट नाही तर काय बघायचं?’ असं तुम्ही विचारलंत. ऑर्डर दिल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंत किती काळ जातो, ते मी बघतो. अमेरिकेला व्हर्जिनिया वर्गाच्या वर्षाला २ अणुपाणबुड्या हव्या आहेत, आणि तयार होतात साधारण १.२. ऑस्ट्रेलियाला द्यायच्या किमान ३ त्यातूनच जाणार. कॉन्स्टेलेशन या नव्या फ्रिगेटसाठी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेसाठी, तर वेळ वाचावा म्हणून युरोपात सिद्ध झालेला आराखडाच घेतला होता. २०२० मध्ये कंत्राट दिलं, मग आराखड्यात इतके बदल झाले की पहिली नौका तीन वर्षं लांबली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिल्या दोन सोडून बाकीच्या रद्द झाल्या.